सोसायटीच्या गच्चीवरचं सोलर कंपनीचं असावं की सभासदांचं?

मुलुंडकर_गच्चीवाला: आमची 28 फ्लॅटची सोसायटी, दोन लिफ्ट, एक पंप. एजीएमला गच्चीवर 15 किलोवॅट सोलर लावायचा विषय निघाला आणि दोन तास नुसती भांडणं. एक गट म्हणतो गच्ची कंपनीला द्या, ती स्वतःच्या पैशाने पॅनेल लावेल आणि आपल्याला जरा स्वस्तात युनिट देईल, डोक्याला ताप नको. मला हे अजिबात पटत नाही. ऊन आपल्या गच्चीवर पडतंय तर मालकीपण आपलीच हवी ना! किलोवॅटला साधारण 100 चौरस फूट जागा लागते, एका किलोवॅटमागे दिवसाला सरासरी 4 युनिट, म्हणजे 15 किलोवॅटचे महिन्याला 1800 च्या आसपास, पावसाळ्यात कमी. पीएम सूर्यघर योजनेत (2024) सोसायटीच्या कॉमन वापराला किलोवॅटमागे 18 हजार सबसिडी आहे, म्हणजे आम्हाला 2 लाख 70 हजार, बाकीचे सभासदांनी शेअर घेऊन उभे करायचे. गुजरातेत खेडा जिल्ह्यातल्या धुंडी गावच्या शेतकऱ्यांनी 2016 साली सहकारी मंडळी काढली आणि सोलर पंपाची उरलेली वीज विकायला लागले. गाव करू शकतं, आपण शिकलेली माणसं 28 घरं एकत्र येऊ शकत नाही?

शेवटचा_मजला: तुम्ही कितव्या मजल्यावर राहता ते आधी सांगा. आमच्याकडे स्ट्रक्चर बसवताना गच्चीत बोल्ट मारले, कोबा फुटला आणि पहिल्याच पावसात बेडरूमच्या स्लॅबमधून पाणी. तीन पावसाळे आईचं कपाट ताडपत्रीखाली आहे. कमिटी म्हणते ठेकेदाराला विचारा, ठेकेदार फोन उचलत नाही. सगळ्यांचं म्हणजे कुणाचंच नाही, हे असं होतं बघा. सहकाराचं म्हणाल तर नगर जिल्ह्यातली मुळा-प्रवरा वीज संस्था आठवा, थकबाकी वाढत गेली आणि 2011 मध्ये काम महावितरणकडे गेलं. कंपनीला निदान करारात पकडता येतं.

मुलुंडकर_गच्चीवाला: मुळा-प्रवरा गावंच्या गावांना वीज पुरवत होती, तिथे वसुलीचा प्रश्न होता. आम्ही आमचीच लिफ्ट चालवणार आहोत, तुलना बरोबर नाही. गळतीचं मात्र मान्य, तो मुद्दा मी एजीएमला मांडलाच नव्हता, चूक झाली.

वायरिंगवाला_दादर: मी हीच कामं करतो म्हणून सांगतो. बोल्ट टाळून काँक्रीटचे ब्लॉक ठेवून स्ट्रक्चर करता येतं, पण वजन वाढतं, जुन्या बिल्डिंगचं स्ट्रक्चरल ऑडिट केल्याशिवाय नको, आणि मे 2021 च्या तौक्ते वादळात मुंबईत काय वारा होता तो आठवा. दुसरं, लोकांना वाटतं सोलर लावलं की लाईट जाणारच नाही. 12 ऑक्टोबर 2020 ला सकाळी अख्ख्या मुंबईची लाईट गेली होती ना, तेव्हा तुमच्याकडे पॅनेल असते तरी लिफ्ट बंदच राहिली असती, कारण ग्रिड म्हणजे बाहेरची लाईन गेली की बॅटरी नसलेला सोलरचा इन्व्हर्टर आपोआप बंद होतो, नाहीतर लाईनवर चढलेल्या वायरमनचा जीव जाईल. हे आधी सांगा, नाहीतर नंतर शिव्या बसतात. आणि पॅनेलखाली जाळी मारा, कबुतरं घरटी करतात, घाण पडली की युनिट घटतात.

लालबागकर_ताई: तुमचं भांडण गच्ची असणाऱ्यांचं आहे. आम्ही पागडीवाले, दहा बाय बाराची खोली, वर मालकाची कौलं, बाजूला टॉवरची सावली. मीटर माझ्या नावावर, बिल मी भरते, पण सबसिडी गच्चीवाल्याला. भाडेकरूंचं पण तेच. दिल्लीच्या वीज आयोगाने 2019 मध्ये व्हर्च्युअल नेट मीटरिंगची पद्धत आणली, प्लांट दुसरीकडे, त्यात आपला वाटा, आणि वाट्याचे युनिट आपल्या बिलातून कमी. कोपनहेगनच्या समुद्रात 20 पवनचक्क्या आहेत, त्यातल्या निम्म्या 8 हजारांवर सभासदांच्या सहकारी संस्थेच्या, त्यांच्या काय गच्च्या मोजल्या होत्या? मालकी वाटायचीच असेल तर आमच्यापर्यंत वाटा.

शेवटचा_मजला: ताईंचं पटलं. पण जिथे सेक्रेटरी वेळेवर ऑडिट करत नाही तिथे लोक वाटा घेतील कसे? माझा विरोध सोलरला नाही, गळतीची जबाबदारी कागदावर नसण्याला आहे.

मुलुंडकर_गच्चीवाला: ठीक, ठराव बदलतोय. आधी वॉटरप्रूफिंग आणि पाच वर्षांची लेखी हमी, वरच्या मजल्यावरच्या चारही घरांची सही झाल्याशिवाय एक पॅनेल चढवायचं नाही. रिडेव्हलपमेंट आली तर काढायचा खर्च कुणाचा तेपण त्यातच. ताई, तुमच्या चाळीत किती मीटर आहेत आणि महिन्याला साधारण किती युनिट लागतात?

लालबागकर_ताई: 64 मीटर. माझं 90 ते 110, मे महिन्यात जास्त. बाकीच्यांची बिलं रविवारी गोळा करते.