बटणाची जागा बदलायचा अधिकार नक्की कोणाला?

रामदासपेठी (धागाकर्ता)
नागपूरला परसोडीच्या आयटी पार्कात टेस्टिंगचं काम करतो, त्यामुळे ‘फ्रेश लुक’चे गोडवे रोज कानावर पडतात. माझं मत आधीच सांगून टाकतो. चालू ॲपमधलं बटण हलवायचं असेल तर हलवणाऱ्याने सबळ कारण द्यावं. ‘जुनं आता कंटाळवाणं दिसतं’ हे कारण धरायचं नाही.

विंडोज ८ आठवतंय? २०१२ साली मायक्रोसॉफ्टने डाव्या कोपऱ्यातलं स्टार्ट बटण काढून टाकलं. विंडोज ९५ पासून लोकांचा हात तिथेच जायचा. पुढच्याच वर्षी ८.१ मध्ये बटण परत आणावं लागलं आणि नीट मेन्यू यायला २०१५ चं विंडोज १० उजाडलं. वापरसुलभतेचे तज्ज्ञ याकोब नील्सन यांचं एक म्हणणं मला फार पटतं: लोकांचा बहुतेक वेळ तुमच्या नाही, इतरांच्या साइटवर जातो. तिथे लागलेली सवय घेऊनच ते तुमच्याकडे येतात. मग तुमच्या एकट्याच्या साइटवर खरेदीची टोपली खाली डाव्या कोपऱ्यात कशाला?

धरमपेठची_डिझायनर
उदाहरण तुमच्या सोयीचं निवडलंत. त्याच कंपनीने ऑफिस २००७ मध्ये मेन्यू काढून रिबन, म्हणजे वरची बटणांची रुंद पट्टी, आणली, तेव्हाही लोकांनी बोटं मोडलीच होती. रिबन आजही आहे. तेव्हा ओरडा झाला म्हणजे डिझाइन चुकलं, असं काही सिद्ध होत नाही.

आणि सगळीकडे सारखं ठेवायचं म्हणता, तर ती सुसंगती नक्की कोणाशी? विंडोजच्या डायलॉगमध्ये ‘ओके’ आधी आणि ‘कॅन्सल’ नंतर, मॅकवर ‘कॅन्सल’ आधी आणि मुख्य बटण उजवीकडे टोकाला. वेबपेज दोन्हीकडे उघडतं. सांगा, कोणाची सवय मोडू? सुसंगतीच्या नावाखाली एकदा झालेली चूक पिढ्यान्‌पिढ्या पुढे ढकलली जाते, ते तुम्हाला चालतं का?

कळफलक
हा प्रश्न मराठी टायपिंगवाल्यांनी फार आधी भोगलाय. मी बर्डीत टायपिंग शिकवायचो, म्हणून जरा लांबण लावतो.

टाइपरायटरवर ‘कि’ काढताना आधी पहिली वेलांटी, मग क. यंत्र कागदावर डावीकडून उजवीकडे जाणार, त्यामुळे डोळ्याला जे आधी दिसतं तेच आधी ठोकायचं. इनस्क्रिप्टमध्ये, म्हणजे संगणकासाठीच्या सरकारी प्रमाण कळफलकात, उलटं. आधी क, मग वेलांटी, म्हणजे उच्चाराप्रमाणे. शिवाय स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, आणि इंग्रजी के च्या बटणावर क. मग लिपी देवनागरी असो, बंगाली असो की तेलुगू. एक शिकलात की बाकीच्या लिप्यांचा कळफलक निम्मा पाठ. याहून सुसंगत रचना दाखवा मला.

पण वीस-वीस वर्षं रेमिंग्टन टाइपरायटरवर हात बसलेले लोक त्यावर बसवले, तर ते सवयीने आधी वेलांटी दाबायचे आणि पडद्यावर वेलांटीशेजारी ठिपक्याठिपक्यांचं गोल उमटायचं. तो गोल बघून चिडलेले कारकून मी पाहिलेत. मग झालं काय, तर बरेच जण टाइपरायटरच्या क्रमाने चालणाऱ्या जुन्या फॉन्टांना चिकटून राहिले. त्यातला मजकूर दुसऱ्या संगणकावर, तो फॉन्ट नसला की, इंग्रजी अक्षरांचा काला. प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच क्रमांक देणाऱ्या युनिकोडने तो घोळ मिटवला, पण कळफलकाचं भांडण अजून मिटलेलं नाही.

तेव्हा रामदासपेठी, सवयीला धरून राहणं हीही सुसंगती आणि नियमाला धरून राहणं हीही. दोन्ही एकमेकींच्या झिंज्या ओढतात तेव्हा काय करायचं, ते तुमच्या पोस्टमध्ये नाही. माझं विचाराल तर नवशिक्याला इनस्क्रिप्टच द्या आणि जुन्याला त्याच्या रेमिंग्टनवर सुखाने राहू द्या.

सेतूवाला
भाऊ, तुम्ही सारे मोठमोठ्या कंपन्यायचं बोलून राहिले. माह्या दुकानात या एक दिवस. उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रिमीलेयर, डोमिसाइल, दिवसभर हेच. एका फॉर्मात आडनाव पहिले, दुसऱ्यात शेवटी, तिसऱ्यात बापाचं नाव वेगळ्या खान्यात. आधारवर एक क्रम, टीसीवर दुसरा. अन् नाव जुळलं नाई म्हनून अर्ज वापस! बटन हिरवं का निळं, थे गेलं चुलीत. आधी खाने सारखे करा.

साइट बदलली का आपल्याकडं गर्दी वाढते, म्हंजे आपला फायदाच आहे म्हना. पन जे रिटायर्ड मास्तर घरी बसून स्वतः भरत होते, थेबी मंग लाइनीत उभे राहतेत.

रामदासपेठी
सेतूवाले भाऊ, लाख बोललात. सरकारी संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक तत्त्वं २००९ पासून आहेत, २०२३ मध्ये त्यांची तिसरी आवृत्तीही आली. कागद आहे, पण तुमच्या दुकानापर्यंत पोचलेला दिसत नाही.

नीट जमलेलं एक उदाहरण देतो. यूपीआयचं ॲप कोणतंही घ्या, पिन टाकायचं पान ॲपवाल्याचं नसतं, यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयचं ठरलेलं असतं. म्हणून ॲप बदललं तरी पिनपाशी कोणी अडखळत नाही. मेट्रोच्या सीताबर्डी इंटरचेंजवर ऑरेंज आणि ॲक्वा लाइनच्या पाट्यांचे रंग उद्या अदलाबदल केले तर काय गोंधळ होईल? पिनच्या पानाचं तसंच आहे.

इतवारी_किराणा
ह्याच पानाने लोक बुडाले, साहेब. भामटा म्हणायचा, ‘पैसे पाठवतोय, फक्त पिन टाका’. कलेक्ट रिक्वेस्ट, म्हणजे तुमच्याकडूनच पैसे मागणारी विनंती, यायची आणि समोर तेच ओळखीचं पान. हात सवयीने आकडे दाबून मोकळा. वर रक्कम लिहिलेली असायची, पण रोजचं पान कोण वाचतं? शेवटी २०२५ मध्ये दोन व्यक्तींमधली कलेक्ट रिक्वेस्टच बंद करावी लागली. जिथे पैसा जातो तिथे थोडं अडखळायला हवं, असं माझं मत. सगळं गुळगुळीत नको.

धरमपेठची_डिझायनर
मी हेच म्हणत होते! ‘जतन करा’ आणि ‘खातं कायमचं बंद करा’ ही दोन्ही बटणं एकाच रंगाची, एकाच आकाराची, शेजारी शेजारी. दिसायला किती सुसंगत! वेगळं काम वेगळंच दिसलं पाहिजे.

रामदासपेठी
त्याला माझा विरोध कधीच नव्हता. धोक्याचं बटण वेगळं असू द्या, पण प्रत्येक पानावर त्याच प्रकारे वेगळं. आणि कळफलक काकांचा तोडगा ॲपलाही लावा: नवी रचना आणा, पण वर्षभर ‘जुनी रचना’ असा पर्याय ठेवा.

धरमपेठची_डिझायनर
ठेवू की. दोन-दोन रचना वर्षभर तपासायच्या, दोन्हींतल्या चुका दुरुस्त करायच्या. तुम्ही टेस्टिंगवाले ना? शनिवारी यायची तयारी आहे का?