मुतखड्यावर बिअर: औषध की निमित्त?

गवतीचहा
माझ्या मेहुण्याला (सांगली, वय ३८) दोन वर्षांपूर्वी मुतखडा झाला. सोनोग्राफीत ४ मिमी. डॉक्टर म्हणाले, पाणी भरपूर प्या, पडून जाईल. मित्र म्हणाले, पाणी कसलं पितोस, बिअर मार, धुऊन निघतंय सगळं. खडा तीन आठवड्यांत पडला, बिअर मात्र राहिली. आता रोज संध्याकाळी एक स्ट्राँग. बहीण काही बोलली की "औषध आहे गं."

एवढे बारीक खडे बहुतेक वेळा आपले आपणच पडतात, श्रेय बाटलीला जातं. बिअरनं लघवी जास्त होते हे खरं. पण मूत्रपिंडाला पाणी राखायला सांगणारं मेंदूतलं संप्रेरक दारूनं दबतं, म्हणून होते. अंगातलंच पाणी जातं. सकाळी घशाला कोरड आणि लघवी पिवळीधमक, म्हणजे खड्याला हवं तेच. हा सल्ला देणं लोकांनी बंद करावं असं माझं मत.

एकटा_टायगर
आले दारूबंदीवाले! अहो, अमेरिकेत हजारो लोकांची वर्षानुवर्षं माहिती घेऊन २०१३ मध्ये अभ्यास छापून आलाय. बिअर पिणाऱ्यांना खडे कमी, साखरेची कोल्ड्रिंकं पिणाऱ्यांना जास्त. मग आधी कोल्ड्रिंकवर धागा काढा की. आणि बिअर म्हणजे काय दारू आहे का? आमचे काका रोज क्वार्टर मारून ८४ पर्यंत शेतात जात होते.

सासूबाईंची_सून
काकांबरोबर बसणारे किती जण ८४ ला पोचले, तेही सांगा.

गवतीचहा
अभ्यास मान्य. पण तो नवीन खडा होण्याबद्दल आहे, अडकलेला पाडण्याबद्दल नाही. नळीत खडा अडकलाय आणि वरून लघवीचा लोंढा आणलात, तर कळ वाढते. शिवाय बिअरनं युरिक ॲसिड वाढतं. ज्याचा खडाच युरिक ॲसिडचा, त्यानं काय करायचं?

डोंगरी
"बिअर म्हणजे दारू नाही" हे वाक्य मी सहा वर्षं बारच्या गल्ल्यावर बसून ऐकलंय, म्हणून हिशेब मांडतो. स्ट्राँगची बाटली ६५० मिली, ८ टक्के. म्हणजे ५२ मिली शुद्ध अल्कोहोल. व्हिस्की ४२.८ टक्के, ३० मिलीच्या पेगात जेमतेम १३. चार पेग झाले की! गिऱ्हाइकानं चौथा पेग मागवला की वेटरसुद्धा एकदा तोंडाकडे बघतो. बाटली मागवली तर कुणी ढुंकून बघत नाही. तुमचा मेहुणा रोज चार पेग घेतोय, एवढंच.

एकटा_टायगर
बरं, रोज नको. शनिवारी एक? बेतानं घेतली तर हृदयाला चांगली, असं डॉक्टरच म्हणायचे.

गवतीचहा
म्हणायचे. जागतिक आरोग्य संघटनेनं जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं, की दारूचं सुरक्षित असं प्रमाणच नाही. कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात दारू १९८८ पासून आहे, तंबाखूच्या पंगतीला. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, मोठं आतडं, बायकांना स्तनाचा. शनिवारी एक घेणाऱ्याचा धोका रोजच्यापेक्षा कमी, यात वाद नाही. मजा म्हणून प्यायची तर प्या, तुमचा प्रश्न. मला राग येतो तो "औषध" या शब्दाचा, कारण त्या शब्दापुढे माझ्या बहिणीला बोलता येत नाही.

सासूबाईंची_सून
आमच्याकडे हुलग्याचं कढण देतात. त्यानं खडा पडतो का, देव जाणे. पण दुसऱ्या वाटीलाच माणूस हात जोडतो, सवय लागायची भीती नाही. 😄

एकटा_टायगर
कढण नको, ताई. डोंगरी, तुमचं वाचून फ्रिजमधली बाटली काढून बघितली. बारीक अक्षरात ८ टक्केच लिहिलंय. इतकी वर्षं मी हिला "दोनच बिअर घेतल्या" म्हणून सांगतोय.