लिलावातला लेथ बडोद्याहून कोल्हापूरला

सरकारी ई-लिलावात घेतलेला जुना लेथ (धातू कातायचं यंत्र) बडोद्याहून कोल्हापूरला कसा आणायचा, असं तुम्ही विचारलंय. त्यावर वर कुणीतरी 'छोटा हत्ती (टाटा एस टेम्पो) करा, स्वस्तात पडेल' असं सुचवलंय. नका करू. सहा फुटी बेडचा (म्हणजे खालच्या लांब लोखंडी पायाचा) जुना लेथ सहज टनाच्या वर जातो, छोटा हत्ती पाऊण टनच वाहतो. निदान पिकअप तरी बघा. बडोद्याला माल टाकून रिकामी परतणारी गाडी मिळाली तर भाडं बरंच उतरतं. त्यासाठी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या ट्रान्सपोर्टवाल्यांकडे आधी चौकशी करा.

सरकारी ई-लिलावात माल 'जसा आहे, जिथे आहे' तत्त्वावर मिळतो. म्हणजे उचलायची हायड्रा (फिरती क्रेन) तुमची, हमाल तुमचे, क्रेनला बांधायचे बेल्टही तुमचेच. डिलिव्हरी ऑर्डरवरची (माल उचलायच्या परवानगीपत्रावरची) उचलण्याची मुदत नीट वाचा, ती उलटली की जागाभाडं सुरू होतं. गेटपाससाठी गाडी नंबर आणि ड्रायव्हरचं लायसन्स बहुतेक ठिकाणी मागतात.

उचलताना खरी गंमत आहे. लेथचं वजन हेडस्टॉककडे, म्हणजे गिअर असलेल्या टोकाकडे असतं, त्यामुळे बेल्ट मधोमध बांधला की मशीन तिरपं होणारच. कॅरेज (हत्यार धरणारा सरकता भाग) टेलस्टॉककडे, म्हणजे दुसऱ्या टोकाकडे सरकवून तोल साधा आणि तिथेच लॉक करा. लीडस्क्रूवर (बेडच्या बाजूने जाणाऱ्या लांब आट्यांच्या दांड्यावर) बेल्टचा ताण अजिबात येऊ देऊ नका, वाकला तर मशीन भंगारात. बेडला ग्रीस फासा. गाडीत खाली लाकडी ओंडके हवेतच.

राज्याबाहेरून येतंय, किंमत ५० हजारांच्या वर, म्हणजे ई-वे बिल (जीएसटीचं माल-वाहतुकीचं ऑनलाइन कागदपत्र) लागणार. त्याची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस. वाटेत गाडी बदलली तर नवा नंबर त्यात टाकायला सांगा.

उतरवायला कोल्हापुरात हायड्रा आहे ना? गल्ली अरुंद असेल तर आत्ताच मापून ठेवा.