मदत पाहिजे: तीन दिवस अंधाराचा मेसेज, मायले काय सांगू?

नमस्कार मंडळी, आमचं गाव मेळघाटाच्या पायथ्याशी, फादर महिन्यातून एकदा मिस्साले (चर्चच्या मुख्य उपासनेले) येतात. सध्या व्हॉट्सॲपवर मेसेज फिरून राह्यला, तीन दिवस अंधार पडणार, फक्त आशीर्वादित मेणबत्त्याच पेटतील, दार-खिडकी उघडू नका. शेजारणीनं मायले वाचून दाखवला. मायनं बिस्किटाचा डबा मेणबत्त्यांनी भरला अन् कापूस वेचाले बी जात नाही, आता मजुरी काय मेसेजवाला देणार!

मी बायबलातलं मत्तय २४:३६ वाचून दाखवलं, तो दिवस अन् ती घटका पित्याशिवाय कोणालेच माहीत नाही. कॅथोलिक धर्मशिक्षण ग्रंथाच्या ६७ व्या परिच्छेदात बी आहे की खासगी प्रकटीकरणं (कोणाले झालेले दृष्टांत) श्रद्धेच्या ठेव्यात, म्हणजे चर्चच्या मूळ शिकवणीत, मोडत नाहीत. तर माय म्हणते, मग येशूच्या दाखल्यात रात्री नवरदेवाची वाट पाहणाऱ्या दहा कुमारिकांपैकी पाचजणींनी तेल काहून सोबत घेतलं होतं? इथं मी अडकलो. ते तेल म्हणजे डब्यातल्या मेणबत्त्या नव्हे हे मले समजते पण तिले पटेल असं कसं सांगू?

आगमनकाळ (नाताळाआधीचा तयारीचा काळ) आलाच, भीती जावी पण तयारी राहावी, म्हणजे कन्फेशन (फादरजवळ पापकबुली), रोजची रोझरी (जपमाळ), अन् काकूसोबत बंद पडलेलं बोलणं (हे तर पयले!). तुमच्या घरी काय करता? व्हॉइस नोट टाका, मायले वाचता येत नाही.