गुंगीत मध्येच जाग आली तर?

अक्कलदाढ काढताना शिरेतून गुंगी दिली आणि मध्येच जाग आली तर दुखेल का, असं एकाने विचारलंय. भीती समजते, पण मुळात ही पूर्ण भूल नसते. हाताच्या शिरेतून बहुतेक वेळा मिडाझोलाम हे गुंगीचं औषध देतात. काही मिनिटांत अंग सैलावतं, पण श्वास आपला आपण घेत असतो आणि 'तोंड उघडा' म्हटलं की उघडतोही. दुखणं थांबतं ते हिरडीतल्या भुलीच्या इंजेक्शनने. ते सहसा गुंगी चढल्यावरच देतात, म्हणून त्या सुईचीही धास्ती नको. नंतर यातलं फारसं आठवत नाही, त्यामुळे अनेकांना आपण गाढ झोपलो होतो असंच वाटतं.

माझा आग्रह आहे तो सोबत जबाबदार माणूस नेण्याचा. घरी आल्यावर 'मी ठणठणीत आहे' असं वाटतं, तेच फसवं असतं. २४ तास गाडी चालवू नका, महत्त्वाच्या कागदावर सही करू नका. डॉक्टरांच्या सूचना सोबतच्या माणसाने ऐकाव्यात, तुमच्या लक्षात राहतीलच असं नाही.

झोपेत श्वास अडकत असेल, काही गोळ्या चालू असतील किंवा दिवस गेले असतील तर आधीच सांगा. किती तास उपाशी राहायचं तेही विचारून घ्या.