विश्वस्तांना देणगी मागायला कसं शिकवायचं?

अभ्यासिका_पर्वती
नमस्कार मंडळी. जनता वसाहतीत आमची मुलांसाठी संध्याकाळची अभ्यासिका आहे. खर्च म्हणजे भाडं, दोन ताईंचं मानधन, वीजबिल आणि खाऊ. आजवर हे एका कंपनीच्या सीएसआरवर, म्हणजे सामाजिक कामासाठीच्या निधीवर भागायचं, तो निधी मार्चनंतर बंद होतोय. विश्वस्त एकाहून एक चांगले आहेत: निवृत्त प्राध्यापिका, डॉक्टर, बँकेतले अधिकारी. पण देणगीचा विषय निघाला की "छानसं पत्रक करा, आम्ही ग्रुपवर टाकतो" म्हणतात. ताई म्हणतात, "आम्ही शिकवतो, पैसे मागणं आमचं काम नाही." एका रविवारी सगळ्यांचं प्रशिक्षण ठेवतेय. त्यात नेमकं काय घ्यावं? जूनमध्ये अभ्यासिका उघडायलाच हवी.

सदाशिवकर
ताई, संस्थांसाठी निधी उभारण्यात माझी बरीच वर्षं गेली, म्हणून सविस्तर लिहितो.

रविवारच्या आधी एक काम उरका. प्रत्येक विश्वस्ताने स्वतःची देणगी द्यायची. पाचशे असो वा पन्नास हजार, ऐपतीप्रमाणे, पण द्यायचीच. ज्याने स्वतः दिलंय त्याला "मीही देतोय, तुम्हीही द्या" असं म्हणता येतं, आणि समोरच्याला ते लगेच जाणवतं. न दिलेला माणूस पत्रकाच्या आड लपतो.

रविवारी भाषण नको, जोड्या लावा. एक मागणारा, एक देणगीदार. ताईंनी एकाच मुलाबद्दल बोलायचं, नाव न सांगता: संध्याकाळी किती वाजता येतो, घरी अभ्यासाला जागा का नाही, गणितात कुठे अडतो. मग विश्वस्ताने आकडा उच्चारायचा: "एका ताईंचं महिन्याचं मानधन तुम्ही उचलाल का?" आणि तिथेच थांबायचं. सगळे इथेच अडखळतात. आकडा सांगितला की लगेच "म्हणजे जमलं तर, नाही तर काही हरकत नाही" अशी सारवासारव सुरू होते आणि समोरच्याची सुटका होते. गप्प बसण्याचा सराव दहादा करून घ्या, अवघडल्यासारखं वाटलं तरी.

नकाराचाही सराव हवा. "यंदा जमणार नाही" म्हटलं की "बरं, एकदा अभ्यासिका बघायला तरी या" हे तोंडात बसलं पाहिजे.

आणि आपल्याला मागणं जमत नाही, हे मला पटत नाही. तुमच्या विश्वस्तांपैकी निम्म्यांनी तरी लहानपणी पावतीपुस्तक घेऊन गणपतीची वर्गणी मागितली असेल. धोंडो केशव कर्वे 1896 साली विधवांसाठी काढलेल्या संस्थेसाठी सुट्ट्यांमध्ये गावोगाव फिरून वर्गणी गोळा करायचे. पुढे त्यांच्याच महिला विद्यापीठाला 1920 साली उद्योगपती विठ्ठलदास ठाकरसींनी 15 लाख रुपये देऊ केले. सुरुवात मात्र त्या लहान लहान वर्गण्यांपासूनच झाली होती.

हिशेबी_काकू
मी सीए आहे. पैशांचे प्रश्न आले की विश्वस्त गडबडतात, म्हणून एवढं पाठच करून घ्या. तुमच्याकडे 80जी, म्हणजे देणगीदाराला आयकरात सवलत मिळवून देणारी मान्यता असेल, तरी 2000 रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीवर करसवलत नाही. चेक किंवा यूपीआयच सांगा. नवी करप्रणाली निवडणाऱ्याला ही सवलत मिळत नाही, तेव्हा "टॅक्स वाचेल" हे पहिलं वाक्य नसावं. आर्थिक वर्ष संपल्यावर 31 मेपर्यंत 10बीडी, म्हणजे देणग्यांच्या तपशिलाचा आयकर विभागाचा फॉर्म भरून देणगीदाराला 10बीई हे देणगीचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. त्यासाठी पॅन आणि पत्ता देणगी घेतानाच लिहून घ्या, नंतर मागताना फार त्रास होतो.

कोथरूड_आजोबा
देणाऱ्याच्या बाजूने सांगतो. पेन्शनीतून मी दोन-तीन संस्थांना देतो. एका संस्थेने पैसे घेतल्यावर वर्षभर तोंड दाखवलं नाही आणि पुढच्या मार्चमध्ये थेट मागणीचा मेसेज पाठवला. तिथे देणं मी थांबवलं. दुसऱ्या संस्थेतल्या एक शिक्षिका दिवाळीच्या आधी फोन करून मुलांचं कसं चाललंय ते सांगतात. पैशांचा विषयसुद्धा काढत नाहीत. त्यांना मी दरवर्षी आपणहून वाढवून देतो. तुमच्या ताईंना सांगा, मागणं विश्वस्त करतील, तुम्ही फक्त हा फोन करा.

अभ्यासिका_पर्वती
आजोबा, हे ताईंना नक्की पटेल. सदाशिवकर, एक शंका. डॉक्टरांचे एक पेशंट चांगले सधन आहेत. डॉक्टरांनी त्यांच्याकडे मागावं का?

सदाशिवकर
नको. उपचार घेणाऱ्याला नाही म्हणणं जड जातं. तिथे प्राध्यापिका बाईंना पाठवा, आणि डॉक्टरांना त्यांच्या कॉलेजच्या बॅचमित्रांकडे.