मदत हवी आहे: व्हॅम्पायर लुईव्हिलला कसा न्यायचा?

अर्धवट_रंगारी
लोकहो, अर्जंट आहे. या वीकेंडला वंडरफेस्टला, म्हणजे मॉडेल किटांच्या मेळ्याला चाललोय, मित्र सोबत आहे आणि त्याचा व्हॅम्पायर (किट जोडून केलेली मूर्ती) तिथल्या स्पर्धेत ठेवायचाय. पॅक कसा करायचा ते सांगा. बबल रॅप करून बघितला तर केपवर फुगे उमटले आणि एक करंगळी सुटून आली. मित्र दरवर्षी जातो पण आजवर नुसता बघायला आणि खरेदीला, माझी पहिलीच खेप. 'गुगल कर' म्हणू नका, करून झालंय.

निशाचर
प्लास्टिक, रेझिन की व्हिनाइल? उंची किती? वार्निश कधी मारलं? गाडीने की विमानाने? आम्ही काय कवड्या टाकून ओळखायचं?

अर्धवट_रंगारी
रेझिन. १/४ स्केल. वार्निश काल रात्री.

मोचीखाऊ
वंडरफेस्टला मी जाऊन आलोय. माकुहारी मेस्सेला पहाटेच रांग लावा, आणि एखादं गॅरेज किट (हौशी लोकांनी थोडीच नग काढलेलं किट) आवडलं तर 'फिरून येतो' म्हणू नका. बऱ्याच किटांना त्या एका दिवसापुरतीच विक्रीची परवानगी असते, दुसऱ्या दिवशी तेच विकता येत नाही. रोख येन ठेवा.

निशाचर
अहो ते जपानमधल्या चिबाचं वंडर फेस्टिव्हल. हा केंटकीच्या लुईव्हिलबद्दल विचारतोय. येन घेऊन काय करील तिथे?

मोचीखाऊ
शीर्षक वाचलंच नाही. तरी रोख ठेवाच, डीलर रूममध्ये घासाघीस करायला बरी.

पेणकर
आमच्या शेजारी गणपतीचा कारखाना आहे, मूर्ती परदेशी जातात. एकच गोष्ट सांगतो, मूर्ती पाटाला पक्की आणि पाट खोक्याला पक्का. बाकी अंगाला काही टेकता कामा नये, सोंड नाही, हात नाही, मुकुट नाही. तुम्ही गुंडाळताय तिथेच गडबड आहे. बेसला खालून स्क्रू मारा, जाड प्लायवर बसवा आणि वर रिकामं खोकं पालथं घाला. आणि काल मारलेल्या वार्निशवर प्लास्टिक गुंडाळलं तर फुगे उमटणारच की.

खडूस_आजोबा
चाळिशीच्या आसपासची माणसं भुताच्या बाहुल्या घेऊन फिरतात, धन्य आहे. आम्ही १९६१ सालचं ऑरोरा कंपनीचं फ्रँकेनस्टाइनचं किट पाहिलंय, साधं प्लास्टिक, ट्यूबमधला गोंद, संध्याकाळी मुलं जोडून मोकळी. रेझिन म्हणजे पैसेवाल्यांचे चोचले.

निशाचर
आजोबा, ती १/८ ची किटं होती, उभी केली तर जेमतेम वीतभर. आणि प्लास्टिकचा तो गोंद रेझिनला चिकटतच नाही, इथे सुपरग्लू किंवा एपॉक्सीच लागतो. कोणी त्याला भलतं सांगू नका.

थ्रीडी_बंड्या
रेझिन किट घेताच कशाला? प्रिंटर घ्या, हात तुटला तर हात परत प्रिंट करा.

निशाचर
दुसऱ्याने घडवलेला पुतळा स्कॅन करून छापणं आणि रीकास्ट (दुसऱ्याच्या किटाचा साचा काढून चोरून ओतलेली नक्कल) यात फरक काय?

थ्रीडी_बंड्या
मी फाइल विकत घेतो हो. उगाच चोर ठरवू नका.

कोकणस्थ_हडळ
अवांतर: मुंजाचं किट कोणी का काढत नाही? पिंपळाच्या पारासकट. बेसवरच काय काय करता येईल.

पेणकर
+१. शाडूत करून देतो, रंग तुम्ही काढा.

निशाचर
रंगारी, गाडी की विमान? दुसऱ्यांदा विचारतोय.

अर्धवट_रंगारी
मी कोलंबसहून गाडीने. मित्र डॅलसहून विमानाने, मूर्ती त्याच्याकडेच आहे. करंगळी तुटलेला फोटो त्यानेच पाठवलाय.

निशाचर
हे आधी सांगायला काय झालं होतं! प्लाय आणि खोकं विसरा. केबिन बॅगेची मर्यादा साधारण २२ × १४ × ९ इंच. १/४ म्हणजे उभा माणूस १८ इंच, बेस वेगळा. आडवा मावेल, पण केप ९ इंचांत बसते का ते मोजा. डोकं, हात आणि बेस पिनांवर ठेवायचे, म्हणजे भोक पाडून पितळी तार, आणि गोंद लावायचा नाही. सुटे भाग फोममध्ये खाच कापून ठेवायचे आणि हॉटेलात जोडायचे. चेक-इनमध्ये देऊ नका. स्प्रे पेंटचा डबा केबिनमध्येही चालत नाही आणि चेक-इनमध्येही नाही, टचअपला छोटी बाटली आणि ब्रश न्या.

पेणकर
आणि लुईव्हिलला उतरल्यावर गाडीत ठेवून जेवायला जाऊ नका. काच बंद गाडी उन्हात तापते. रेझिन गरम पाण्यात बुडवून वाकवतात ना, तसंच आपोआप होईल.

खडूस_आजोबा
शनिवारी रात्री तिथे भयपटांचे राँडो पुरस्कार असतात, ते चुकवू नका. राँडो हॅटन, १९४० च्या दशकातल्या भयपटांतला नट, ॲक्रोमेगॅली या हाडं वाढवणाऱ्या आजारामुळे चेहरा राकट झालेला. ट्रॉफी म्हणजे त्याचाच अर्धपुतळा.

थ्रीडी_बंड्या
आजोबा, बाहुल्या नकोत आणि पुरस्कार पाठ!

अर्धवट_रंगारी
मित्राला विचारलं. डोकं पिनवर आहे, सुटतं. हात एपॉक्सीने पक्के केलेत. केप ११ इंच.

निशाचर
मग मूर्ती तिरकी ठेवून बघा. आणि केप धडापासून वेगळी होते का? ती एकच ओतलीय की जोडलीय, ते विचारा आधी.